खरं बोलताय की नाही, हे ठरवणार कोण?

(दिल्ली-एनसीआरमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी दोघा-तिघांनी मला विचारलं, "निर्वासितांचा कायदा आणि आपण, यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

इथे बसलेल्या बहुतेकांच्या फाइलमध्ये व्हॅलिडिटीचा कागद असेल. तो मिळवण्यासाठी कुणाच्या वडिलांनी तहसील कचेरीत खेटे घातले असतील, कुणी आजोबांच्या शाळेतून निर्गम उतारा काढला असेल, कुणी कोतवाल बुकाची नक्कल शोधली असेल. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. या तारखा आपल्याला वाढदिवसासारख्या पाठ आहेत. म्हणजे "तुम्ही जे आहात असं सांगता, ते खरंच आहात का?" हा प्रश्न एका समितीने आपल्याला विचारला आहे. जिच्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढीच आपल्या आईबापांची, तिला तो कागद आणणं किती अवघड असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दिल्लीत हजारो माणसं हाच प्रश्न वेगळ्या कार्यालयासमोर ऐकत असतात. त्या कार्यालयाने "आम्हाला तुमचं म्हणणं पटलं नाही" असं लिहून दिलं, तर पुढे काय? कुठलं न्यायालय त्या कार्यालयाला "का पटलं नाही?" असं विचारू शकतं का? आज एवढ्याच मुद्द्यावर बोलायचं आहे.

आधी दिल्लीतली व्यवस्था समजून घेऊ. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार, या दोन्हींवर भारताने सही केलेली नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचं काम सरकार स्वतः पाहतं. म्यानमार, अफगाणिस्तान आणि इतर काही देशांतून आलेल्या माणसांची पडताळणी मात्र संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितविषयक उच्चायुक्त कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीत करतं. विकासपुरी, उत्तम नगर भागात राहणारे म्यानमारचे चिन, भोगल-लाजपत नगरमधले अफगाण, कालिंदी कुंज-मदनपूर खादर भागातले रोहिंग्या यांच्या खिशात जे कार्ड असतं, ते या कार्यालयाचं. पोलिसांनी रस्त्यात अडवलं, तर दाखवायला तेवढंच एक असतं.

कार्ड मिळायचं तर मुलाखत द्यावी लागते. समोर अधिकारी, शेजारी दुभाषी. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत, या पाचपैकी एखाद्या कारणाने मायदेशी छळ होईल अशी सकारण भीती आहे, हे पटवून द्यायचं असतं. आता, पळून आलेला माणूस पुरावा कुठून आणणार? ज्या पोलिसांनी मारलं ते "आम्ही मारलं" असा दाखला देत नाहीत. म्हणून बहुतेक वेळा पुरावा एकच असतो, त्या माणसाचं स्वतःचं सांगणं. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, यावर सगळं ठरतं. कायद्याच्या भाषेत याला विश्वासार्हतेचा निष्कर्ष म्हणतात.

यूएनएचसीआरची १९७९ ची मार्गदर्शक पुस्तिका याबाबतीत समंजस आहे. सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असली, तरी तथ्यं शोधण्याचं काम अर्जदार आणि अधिकारी दोघांनी मिळून करायचं, असं ती म्हणते. प्रामाणिक प्रयत्न करूनही एखादी गोष्ट सिद्ध होत नसेल आणि एकूण हकीकत सुसंगत असेल, तर संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा, असंही म्हणते. अडचण सुरू होते ती "सुसंगत" या शब्दापाशी. कुणाच्या मते सुसंगत?

माझ्या घरात तीन माणसांचा वाढदिवस १ जून आहे. तुमच्याही घरात असतील. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नव्हती, गुरुजींनी १ जून लिहून टाकली. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण आपलं खेडं न पाहिलेल्या परदेशी अधिकाऱ्यासमोर एकाच घरातली तीन माणसं १ जून सांगत उभी राहिली, तर तो काय समजेल? अफगाण माणसाचं असंच होतं. त्यांचं सौर वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. १३९८ हे त्यांचं वर्ष मार्च २०१९ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२० मध्ये संपलं. "९८ मध्ये भावाला उचलून नेलं" असं तो सांगतो. दुभाषी एकदा २०१९ म्हणतो, दुसऱ्यांदा २०२०. फाइलवर विसंगती नोंदली जाते. म्यानमारच्या बहुतेक नावांत आडनाव नसतं. फॉर्मवर मात्र आडनावाचा रकाना असतो. मग एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी उतरतं.

आठवणीचंही तसंच. कोसोव्हो आणि बोस्नियातून ब्रिटनमध्ये आलेल्या निर्वासितांच्या दोन-दोन मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. तीच माणसं, तेच प्रसंग, तरी दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक सर्रास आढळले. प्रसंगाच्या गाभ्यापेक्षा कडेच्या तपशिलांत ते जास्त होते. ज्यांच्या मनावर आघाताचा परिणाम मोठा, त्यांच्याबाबत दोन मुलाखतींमधला काळ वाढला तसे फरकही वाढले. सैनिक घरात शिरल्यावर पळणारी बाई सैनिक मोजत बसत नाही. नंतर तिला कुणी "किती होते?" विचारलं, तर ती आज सात म्हणेल, उद्या दहा. त्यावरून ती खोटं बोलते असं ठरवणं म्हणजे जिचा छळ जास्त झाला, तिच्यावरच जास्त अविश्वास दाखवणं.

याहून धोकादायक गोष्ट म्हणजे "असं घडणं शक्यच नाही" हा निष्कर्ष. इथे अधिकारी पुरावा तपासत नाही. आपल्या अनुभवाची पट्टी घेऊन दुसऱ्याचं आयुष्य मोजतो. आपल्याला याचं उदाहरण शोधायला परदेशात जावं लागत नाही. राजस्थानच्या भटेरी गावात बालविवाह रोखायला निघालेल्या साथिन भंवरी देवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये जयपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. उच्चजातीय पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावून स्वतःला बाटवणार नाहीत, असा त्यामागचा एक तर्क होता. जातीची दंतकथा न्यायालयात शिरली आणि तथ्य बनून बाहेर आली. बाई खरं बोलत होती की खोटं, याचं उत्तर तिच्या साक्षीत शोधलंच नाही. ते न्यायाधीशाच्या सामाजिक जगातून आलं. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला यातून एक गोष्ट कळते. विश्वास ही समाजात असमान वाटलेली वस्तू आहे. काहींना ती जन्मासोबत मिळते, काहींना प्रत्येक खिडकीवर नव्याने मागावी लागते.

आता न्यायालयाकडे वळू. इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अपील म्हणजे वरच्या न्यायालयाने पुरावा पुन्हा पाहून "निर्णय बरोबर की चूक?" हे ठरवणं. न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे "निर्णय घेण्याची रीत बरोबर होती का?" हे पाहणं. दुसऱ्यात न्यायाधीश म्हणत नाही की हा माणूस खरं बोलतो. तो विचारतो: तुम्ही याचं म्हणणं ऐकलं का? विसंगती दिसली तेव्हा खुलाशाची संधी दिली का? महत्त्वाचा कागद न वाचता बाजूला ठेवला का? कसोटी योग्य लावली का? कारणं लिहिली का? आणि कुठल्याही शहाण्या माणसाने काढला नसता असा निष्कर्ष काढला का?

कॅनडातला एक खटला या विषयात मैलाचा दगड मानला जातो आणि त्यातले बहुतेक अर्जदार भारतातून गेलेले शीख होते. त्यांचे दावे मुख्यतः कागदांवरून नाकारले गेले होते; ज्यांनी नाकारले, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष सुनावणी मिळालीच नव्हती. ४ एप्रिल १९८५ रोजी, सिंग खटल्यात, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. तीन न्यायाधीशांनी तिथल्या मूलभूत हक्कांच्या सनदेचा आधार घेतला. सनदेतला "प्रत्येकाला" हा शब्द नागरिकांपुरता नाही, देशात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसासाठी आहे, आणि जिथे प्रश्न विश्वासार्हतेचा आहे तिथे माणसाला समोर बसवून ऐकलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. या निकालानंतर कॅनडाला आपली पद्धत बदलावी लागली आणि १९८९ मध्ये निर्वासितांचे दावे ऐकणारं स्वतंत्र मंडळ कामाला लागलं. आपल्या घटनेच्या कलम २१ मध्येही "नागरिक" शब्द नाही, "व्यक्ती" आहे, हे इथे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे या वाटेने न्यायालयं चालली ती मुख्यतः जात पडताळणीच्या निमित्ताने. २ सप्टेंबर १९९४ च्या माधुरी पाटील निकालात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची रीत घालून दिली. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत कारणे दाखवा नोटिशीसह अर्जदाराला द्यायची, उत्तर मागवायचं, सुनावणी द्यायची, मगच निर्णय. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे आणि समितीचा आदेश अंतिम आहे. पण एक दार उघडं आहे: घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालय.

त्या दारातून आपल्या आदिवासी बांधवांनी काय मिळवलं ते पाहा. दक्षता पथक घरी येऊन विचारतं: तुमचं कुलदैवत कोणतं, लग्नात कोणता विधी, मयतीला काय करता, बोलीत अमुक शब्दाला काय म्हणता? यालाच अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. आश्रमशाळेत, मग वसतिगृहात वाढलेल्या मुलाला ही उत्तरं आली नाहीत, की "जमातीशी नातं दिसत नाही" असा शेरा. म्हणजे शिकलास हाच गुन्हा! २०११ च्या आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की स्थलांतर आणि आधुनिकतेमुळे चालीरीती बदलतात, त्यामुळे ही कसोटी एकटीच निर्णायक धरू नये. स्वातंत्र्यपूर्व कागदांना जास्त वजन द्यावं. पुढे २४ मार्च २०२३ रोजी, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या खटल्यात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की अ‍ॅफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी नव्हे. इथे न्यायालयाने अमुक माणूस खरा की खोटा एवढंच पाहिलं नाही. खरं-खोटं ठरवण्याची पट्टीच तपासली.

आसाममध्येही तेच घडलं. परकीय ठरवणाऱ्या न्यायाधिकरणांसमोर मतदार यादीतलं नावाचं स्पेलिंग, वयातला फरक यावरून माणसं परदेशी ठरतात. ११ जुलै २०२४ रोजी मो. रहीम अली विरुद्ध आसाम राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्पेलिंग आणि तारखांच्या किरकोळ फरकांवरून माणसाला परदेशी ठरवता येत नाही, आणि संशय घ्यायला आधी काही सामग्री हातात असावी लागते.

मात्र या दाराची मर्यादाही सांगायला हवी. पुनर्विलोकनात न्यायालय समितीच्या जागी बसून पुरावा पुन्हा तोलत नाही. हे तत्त्व कुणाला लाभेल याची हमी नाही. तेव्हाच्या खासदार नवनीत राणा यांचं जात प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०२१ रोजी रद्द केलं होतं. ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पडताळणी समितीने पुरावा पाहून काढलेल्या निष्कर्षात उच्च न्यायालयाने एवढं खोल शिरायला नको होतं, हा त्याचा गाभा. आपल्यातल्या अनेकांना तो निकाल रुचला नाही. रुचो न रुचो, धडा घ्यायचा तो हा: पहिल्या टेबलावर जे तथ्य म्हणून लिहिलं जातं, ते वर सहसा पुसलं जात नाही. म्हणून लढाई पहिल्या टेबलापासून सुरू करावी लागते.

आता पुन्हा दिल्लीत या. यूएनएचसीआरने दावा नाकारला तर अर्जदार अपील करू शकतो. पण ते त्याच संस्थेतल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातं. १९४७ च्या एका कायद्याने संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना भारतात न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. कलम २२६ चं दार इथे नाही. व्हॅलिडिटी नाकारलेला आपला पोरगा मुंबई, नागपूर किंवा औरंगाबादला रिट टाकू शकतो. विकासपुरीतला चिन मुलगा "मला खोटं का ठरवलं?" असं दिल्ली उच्च न्यायालयात त्या संस्थेला विचारू शकत नाही.

आपली न्यायालयं काहीच करत नाहीत असं नाही. २१ डिसेंबर २०१५ रोजी डोंग लियान खाम खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या देशात जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत न ढकलण्याचं तत्त्व कलम २१ मध्ये येतं, कायदा-सुव्यवस्था आणि सुरक्षेला बाध येत नसेल तोवर. हाकलण्यापूर्वी त्यांचं म्हणणं ऐका, यूएनएचसीआरशी बोला, असा आदेश सरकारी कार्यालयाला दिला. पण पाहा, ते अर्जदार आधीच निर्वासित म्हणून मान्य झालेले होते. न्यायालयाने सरकारला जाब विचारला. पहिल्या टेबलावर ज्यांच्यावर विश्वासच ठेवला गेला नाही, ते या निकालाच्या बाहेरच राहिले. शिवाय रोहिंग्यांच्या मोहम्मद सलीमुल्ला प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ आणि २१ सर्व व्यक्तींसाठी आहेत हे मान्य केलं, पण हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या वास्तव्याच्या हक्काशी जोडला आणि रीतसर प्रक्रिया पाळून पाठवणीला मोकळीक ठेवली. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचे जुने कायदे जाऊन नवा कायदा आला. निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. म्हणजे "विश्वास बसत नाही" हा शेरा बसलेला माणूस कायद्याच्या नजरेत फक्त परकीय उरतो.

मी यूएनएचसीआरला खलनायक ठरवत नाही. जे काम सरकारने करायला हवं, ते ही संस्था करते आणि तिचं कार्ड माणसांना वाचवतं. माझा आक्षेप रचनेला आहे. एवढा मोठा निर्णय बाहेरच्या तपासणीशिवाय राहू नये.

"पण खोटे दावे होतातच ना?" होतात. आपणच तर बोगस प्रमाणपत्रांविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडतो आहोत. ६ जुलै २०१७ च्या जगदीश बलराम बहिरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खोट्या दाव्यावर मिळवलेला प्रवेश किंवा नोकरी राखता येणार नाही. आपण त्याचं स्वागत केलं. कारण खोटा दावेदार सरकारची नाही, खऱ्या दावेदाराची जागा खातो. म्हणून पडताळणी नको असं म्हणणं आपल्याला परवडणारच नाही. आपली मागणी एवढीच की पडताळणाऱ्यालाही कुणीतरी पडताळावं. ही मागणी आपण स्वतःसाठी करतो, तर दुसऱ्यासाठी करताना पट्टी बदलायची नाही.

बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की एकच कलम निवडायचं झालं तर ते थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारं कलम निवडतील. ते घटनेचा आत्मा आणि हृदय आहे. हक्काची यादी कितीही लांब असो, दाद मागायला दार नसेल तर ती भिंतीवरची पाटी ठरते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याला ते दार मिळालं. मिळालं म्हणून आपण इथे आहोत.

तेव्हा मागायचं काय? मुलाखतीची नोंद अर्जदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी आणि प्रत द्यावी. प्रत्येक विसंगती त्याच्यासमोर ठेवून खुलासा घ्यावा. नकाराची कारणं त्याला समजतील अशी लिहून द्यावीत. आणि संस्थेच्या बाहेर एक स्वतंत्र अपिली मंडळ असावं, ज्याच्यावर उच्च न्यायालयाची नजर राहील. त्यासाठी देशाचा निर्वासित कायदा लागेल. २०१५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. मागणी जिवंत ठेवणं आपल्या हातात आहे.

तोवर करण्यासारखंही आहे. आपण घरातले पहिले पदवीधर. वाड्यावस्तीवरच्या लोकांचे अर्ज आपण लिहितो, नोटिशी आपण वाचून दाखवतो. यापुढे नकाराचा कुठलाही आदेश हातात आला, मग तो व्हॅलिडिटीचा असो, शिष्यवृत्तीचा, रेशनचा किंवा निर्वासित कार्डाचा, तर शेवटची ओळ वाचून थांबू नका. मधला परिच्छेद वाचा. कोणत्या विसंगतीवरून अविश्वास दाखवला? तिचा खुलासा मागितला होता का? कोणता कागद वाचलाच नाही? पट्टी कुणाची होती? ही उत्तरं त्याच दिवशी, तारखेसह लिहून ठेवा. पुढे न्यायालयाचं दार उघडलं तर हातात हाच कागद लागतो. आणि ज्यांच्यासाठी दारच नाही, त्यांच्यासाठी दार मागताना पुरावा म्हणून हेच कागद टेबलावर ठेवावे लागतील.

जय भीम.